कुत्र्याला जोरदार अ‍ॅलर्जिक रिअ‍ॅक्शन आली तर काय करायचं (चेहरा सुजायची वाट बघू नका)

कुत्र्याला अ‍ॅलर्जी म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर सुजलेलं तोंड येतं, ओठ फुगलेत, डोळे बारीक झालेत, असे फोटो आपण सगळ्यांनीच मोबाईलवर बघितलेत. तशी सूज येतेच. पण जी रिअ‍ॅक्शन कुत्र्याच्या जिवावर बेतते ती कित्येकदा तोंडावर दिसतच नाही, ती पोटापासून सुरू होते. अचानक उलटी, पाठोपाठ पातळ शी, मग मागचे पाय लटपटायला लागतात आणि थोड्या वेळापूर्वी उड्या मारणारा कुत्रा निपचित पडतो. अंगावर एक गांधी नाही, चेहरा जसाच्या तसा, त्यामुळे घरच्यांना वाटतं काहीतरी उलटसुलट खाल्लं असेल, जरा वेळ बघू. हा जरा वेळच फार महागात पडतो म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

या प्रकाराला अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणतात. होतं असं की एखादी गोष्ट, म्हणजे किड्याचं विष, औषध, लस, काहीही, पहिल्यांदा अंगात जाते तेव्हा शरीर तिला शत्रू समजून तिच्याविरुद्ध अँटीबॉडी बनवून ठेवतं आणि त्या अँटीबॉडी मास्ट पेशी नावाच्या पेशींवर जाऊन बसतात. बाहेरून काहीच कळत नाही. पुढे कधीतरी तीच गोष्ट परत आली की या सगळ्या पेशी एकदम हिस्टामिन आणि बाकीची रसायनं सोडतात, रक्तवाहिन्या सैल पडतात, त्यातलं पाणी बाहेर झिरपतं आणि बीपी कोसळतं. हे पहिल्यांदा नीट लक्षात आलं तेसुद्धा कुत्र्यांवरच्याच प्रयोगांतून. फ्रान्समधले पॉल पोर्टिए आणि शार्ल रिशे हे दोघं समुद्रफुलाच्या (सी अ‍ॅनिमोन या समुद्री प्राण्याच्या) विषावर काम करत होते, थोडं थोडं विष देऊन कुत्र्यांना त्याची सवय होईल असा त्यांचा अंदाज होता, आणि झालं उलटंच, पहिला डोस पचवलेला धडधाकट कुत्रा काही आठवड्यांनी दिलेल्या दुसऱ्या डोसने अर्ध्या तासाच्या आत गेला. १९०२ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं आणि १९१३ मध्ये रिशेंना नोबेल मिळालं. यातून आपल्यासाठी घ्यायचं ते एवढंच की 'मागच्या वेळी तर हेच इंजेक्शन दिलं होतं, काही झालं नव्हतं' याने अजिबात निर्धास्त व्हायचं नाही. मागच्या वेळीच तर तयारी होऊन बसलेली असते.

आता पोटच का, तर कुत्र्याच्या शरीरात या रिअ‍ॅक्शनचा सगळ्यात मोठा फटका लिव्हर आणि आतड्यांना बसतो. आतड्यांत सुटलेलं हिस्टामिन थेट लिव्हरकडे जातं, लिव्हरमधून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा आवळल्या जातात, रक्त तिथेच तुंबून राहतं आणि हृदयाकडे पुरेसं परतच येत नाही. म्हणून उलट्या, जुलाब, कधीकधी शीमध्ये रक्त, आणि मग चक्कर येऊन पडणं. मांजरांमध्ये हाच फटका मुख्यतः फुप्फुसांना बसतो आणि श्वास लागतो, त्यामुळे ज्यांच्या घरी दोन्ही आहेत त्यांनी मांजरीवरून कुत्र्याचा अंदाज बांधू नये.

कशाने होतं

मधमाशी, गांधीलमाशी, काही प्रकारच्या मुंग्या यांचे डंख हे सगळ्यात नेहमीचं कारण. त्यानंतर लस आणि औषधं, त्यात पेनिसिलिन गटातली अँटिबायोटिक्स आणि काही पेनकिलर येतात. रक्त चढवताना किंवा सापाच्या विषावरचं औषध देतानाही होऊ शकतं, पण तेव्हा कुत्रा आधीच डॉक्टरांच्या हाताखाली असतो. खाण्यामुळे इतकी टोकाची रिअ‍ॅक्शन कुत्र्यांत कमी दिसते. फूड अ‍ॅलर्जी म्हणून आपण जे ऐकतो, म्हणजे महिनोन् महिने खाज, कान सारखे खराब होणं, पंजे चाटत बसणं, ते वेगळं दुखणं आहे, त्याला वेळ देऊन ट्रीटमेंट करता येते, इथे वेळच नसतो.

लसीबद्दल नीट सांगते कारण यावरून लोक घाबरून लस बंद करतात. २००५ मध्ये अमेरिकेत एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात १२ लाखांहून जास्त कुत्र्यांच्या नोंदी बघितल्या होत्या, लस दिल्यावर तीन दिवसांच्या आत काही ना काही रिअ‍ॅक्शन आलेले कुत्रे दर १०,००० मागे साधारण ३८ निघाले, आणि यात साध्या रिअ‍ॅक्शनही धरलेल्या आहेत. लहान चणीच्या कुत्र्यांमध्ये आणि एकाच वेळी जास्त लसी दिलेल्यांमध्ये हे प्रमाण जास्त होतं. म्हणजे धोका आहे पण छोटा आहे, आणि डिस्टेंपर, पार्व्हो, रेबीज यांचा धोका त्यापुढे कितीतरी मोठा आहे. लस द्यायचीच. फक्त ती टोचून लगेच गाडीत बसून निघायचं नाही, अर्धा तास तरी क्लिनिकमध्येच किंवा बाहेर अंगणात थांबायचं, आणि शक्यतो सकाळची वेळ घ्यायची म्हणजे नंतर काही वाटलं तर क्लिनिक उघडं असतं.

साधी रिअ‍ॅक्शन कुठे संपते

फक्त कातडीवरची लक्षणं असतील, म्हणजे अंगावर पित्त उठलंय, गांध्यांवरचे केस जागोजागी ताठ उभे राहिलेत, नाक-ओठ-पापण्या सुजल्यात, खाज सुटून जमिनीवर तोंड घासतोय, पण बाकी खेळतोय, पाणी पितोय, हाक मारली की येतोय, तर ही साधी रिअ‍ॅक्शन. डॉक्टरांना फोन करायचा, ते सांगतील ते करायचं आणि पुढचे काही तास त्याला नजरेसमोरून हलू द्यायचं नाही. लांब केसांच्या कुत्र्यांच्या गांध्या दिसत नाहीत, पोटावर आणि मांड्यांच्या आत जिथे केस विरळ असतात तिथे बघा, आणि अंगावरून हात फिरवून बोटांना उंचवटे लागतात का तेही बघा.

पण डंख, इंजेक्शन, नवीन औषध यांच्यानंतर पुढचं काहीही दिसलं तर सरळ दवाखाना: उलटी, जुलाब, एकदम खूप लाळ गळणं, उभं राहता न येणं, श्वासाला घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज, हिरड्या पांढऱ्या किंवा राखाडी पडणं, शुद्ध हरपत जाणं. हे सगळं मिळून दिसायला हवं असं नाही, यातलं एक पुरे. बहुतेक वेळा हे अर्ध्या तासाच्या आत सुरू होतं, काही वेळा दोन-चार तासांनीही. आणि डंख तुम्ही बघितलेला नसला तरी, बाहेरून बागेतून आल्या आल्या धडधाकट कुत्र्याला उलटी-जुलाब होऊन तो कोसळला तर डोक्यात हीच शक्यता पहिली यायला हवी.

ओळखीतल्या एका लॅब्रॅडॉर कुत्रीचं माझ्या समोर झालेलं सांगते. गवतातून लंगडत आली, पुढचा पंजा चाटत बसली, पंजात मधमाशीची नांगी रुतलेली होती ती काढली, सगळे म्हणाले चला सुटली. मग ती गवत खायला लागली, एक उलटी झाली पिवळ्या पाण्याची, लगेच दुसरी, शेपटी खाली गेली, उभ्या उभ्याच शी झाली जे ती कधीच करत नाही, आणि बसल्या बसल्या एका कुशीवर कलंडली. चेहऱ्यावर सुजेचा मागमूस नव्हता. तिच्या मालकिणीने ओठ वर करून बघितलं तर रोज गुलाबी असणाऱ्या हिरड्या पांढऱ्याफटक, आणि दुसरा कसलाही विचार न करता तिला उचलून गाडीत घातलं. वाचली ती, कारण मालकिणीला हिरड्या बघायचं माहीत होतं.

हिरड्या बघायला आजच शिका

ही एक गोष्ट सगळ्यांनी कुत्रा ठणठणीत असतानाच करून बघायला पाहिजे. बाजूचा ओठ अलगद वर उचलायचा आणि वरच्या सुळ्याच्या वरची हिरडी बघायची. तब्येत चांगली असेल तर ती गुलाबी आणि ओली, हात लावला तर बुळबुळीत. आता बोटाने हिरडीवर दाबायचं आणि सोडायचं, दाबलेली जागा क्षणभर पांढरी होते आणि परत गुलाबी होते, हे दोन सेकंदांच्या आत व्हायला हवं. त्यापेक्षा जास्त वेळ लागला, किंवा हिरडी आधीच इतकी पांढरी आहे की फरकच कळत नाही, तर रक्ताभिसरण कोलमडतंय असं समजायचं. अगदी सुरुवातीला रक्तवाहिन्या सैल पडल्यामुळे हिरड्या उलट लालभडकही दिसू शकतात, त्याने फसू नका. काही कुत्र्यांच्या हिरड्या जन्मतः काळ्या असतात, त्यांची खालची पापणी हलकेच ओढून आतला रंग बघायचा.

नाडी मागच्या मांडीच्या आतल्या बाजूला, जांघेजवळ, दोन बोटं हलकेच ठेवून लागते, जाड्या कुत्र्यांना शोधायला जरा वेळ लागतो. आराम करताना मोठ्या कुत्र्याचे ठोके मिनिटाला साधारण ६० ते १०० असतात, लहान कुत्र्यांचे त्याहून जास्त, १४० पर्यंतही. श्वास शांत झोपेत मिनिटाला ३० च्या आत. तुमच्या कुत्र्याचे आकडे फोनमध्ये लिहून ठेवा, कारण घाबरलेल्या वेळी पुस्तकातला आकडा नाही, आपल्याच कुत्र्याचा रोजचा आकडा कामाला येतो.

प्रत्यक्ष वेळ आली तर

पहिलं काम, दवाखान्याला फोन, आणि तो एकाने करायचा आणि दुसऱ्याने कुत्र्याला उचलायचं. एकटे असाल तर आधी गाडीत घाला आणि फोन स्पीकरवर टाका. फोनवर लांबलचक सांगत बसू नका, 'मधमाशी चावलीय, दोन उलट्या झाल्या, हिरड्या पांढऱ्या आहेत, वजन इतकं, आम्ही इतक्या मिनिटांत पोचतोय' एवढं पुरे, त्यावर ते ऑक्सिजन, सलाइन आणि अ‍ॅड्रेनलिन तयार ठेवतात. रात्रीबेरात्री नेहमीचं क्लिनिक बंद असतं म्हणून चोवीस तास चालू असणारा जवळचा दवाखाना कुठे आहे आणि तिथला नंबर हे आधीच सेव्ह केलेलं असावं.

नांगी दिसत असेल तर ताबडतोब काढायची. मधमाशीच्या नांगीला काटे असतात, ती कातडीत अडकून राहते आणि तिच्या मागची विषाची पिशवी माशी उडून गेल्यावरही विष ढकलत राहते. कार्डाने खरवडून काढा, नखाने काढा, पद्धतीवर वाद घालण्यात वेळ घालवू नका, लवकर निघणं महत्त्वाचं. गांधीलमाशी सहसा नांगी सोडत नाही, ती पुन्हा पुन्हा डसू शकते, म्हणून आधी कुत्र्याला तिथून लांब न्या. नांगी सापडत नसेल तर शोधत बसायचं नाही, निघायचं.

डंख तोंडात किंवा घशात असेल (माशा तोंडात पकडायची सवय असलेल्या कुत्र्यांना हे होतंच) तर बाकी लक्षणं नसली तरी दवाखान्यात जा, कारण आतली सूज श्वासाची वाट बंद करू शकते. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर मुळातच श्वासाची वाट अरुंद असते, त्यांच्या बाबतीत तोंडाची साधी वाटणारी सूजही साधी धरू नका.

गळ्यातला पट्टा आणि तोंडाला मुसकं असेल तर काढा. एका कुशीवर झोपवायचं, मान आणि डोकं सरळ रेषेत, जीभ थोडी बाहेर, उलटी झाली तर तोंड जरा खाली करून बाहेर येऊ द्यायची. श्वासाला त्रास होत असेल आणि त्याला बसूनच बरं वाटत असेल तर बसू द्या, जबरदस्तीने आडवं पाडू नका. उचलताना पोटावर दाब देऊ नका. जरा बरं वाटलं म्हणून चालवत नेऊ नका, उचलूनच न्यायचं. पाणी, दूध, खाणं काही नाही, शुद्ध कमी असलेल्या कुत्र्याच्या तोंडात काहीही घातलं तर ते फुप्फुसात जाऊ शकतं. उलटी करवायचा प्रयत्न अजिबात नाही, विष पोटात गेलेलं नाहीये.

गोळीबद्दल

इथे सगळ्यात जास्त गोंधळ असतो. अँटिहिस्टामिनची (हिस्टामिनचा परिणाम रोखणारी, अ‍ॅलर्जीची नेहमीची) गोळी साध्या रिअ‍ॅक्शनसाठी ठीक आहे, डॉक्टरांनी वजनावर डोस सांगितला असेल तर, पण अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये ती जीव वाचवत नाही. ती पोटातून रक्तात जाईपर्यंत वेळ लागतो आणि कोसळलेलं बीपी ती वर आणू शकत नाही, शिवाय जो कुत्रा उलट्या करतोय त्याच्या पोटात गोळी टिकणार कशी. गोळी देऊन 'बघू उतरतंय का' म्हणत बसणं हीच सगळ्यात धोक्याची गोष्ट. स्टिरॉइडचंही तसंच, त्याचा परिणाम व्हायला तास लागतात.

आणि माणसांची औषधं चाळून उचलू नका. सर्दीच्या कित्येक गोळ्यांमध्ये अँटिहिस्टामिनबरोबर स्यूडोएफेड्रिन असतं, ते कुत्र्याला विषारी आहे. बिनसाखरेच्या काही सिरपमध्ये झायलिटॉल असतं, त्याने कुत्र्याची शुगर एकदम खाली जाते. आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल तर घरच्या घरी कधीच नाही.

खरं औषध अ‍ॅड्रेनलिन. ते सैल पडलेल्या रक्तवाहिन्या आवळतं, श्वासनळ्या मोकळ्या करतं, हृदयाला जोर देतं आणि मास्ट पेशींमधून पुढचं हिस्टामिन सुटणं कमी करतं, आणि हे सगळं काही मिनिटांत. ज्या कुत्र्याला एकदा अशी रिअ‍ॅक्शन येऊन गेली आहे त्याच्यासाठी काही डॉक्टर घरी ठेवायला ऑटोइंजेक्टर पेन (ठरलेला डोस आपोआप टोचणारं तयार इंजेक्शन) लिहून देतात. पण ही पेनं माणसांसाठी बनवलेली असतात, नेहमी मिळणारे डोस ०.१५ आणि ०.३ मिलिग्रॅम असे ठरलेले. डॉक्टर सहसा किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम हिशोबाने देतात, म्हणजे ५ किलोच्या कुत्र्याला लागतं ०.०५ आणि यातलं लहान पेन दिलं तरी तिप्पट जाणार. म्हणून दुसऱ्याच्या घरातलं पेन आणून टोचायचं नाही, आपल्या कुत्र्याच्या वजनाला काय द्यायचं, पेन की भरलेली सिरिंज, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यायचं आणि टोचायचं कसं ते त्यांच्यासमोर सरावाच्या पेनवर करून बघायचं. जागा मांडीच्या बाहेरच्या बाजूचा जाड स्नायू. पेनच्या टोकावर स्वतःचा अंगठा येणार नाही याची काळजी घ्या, घाईत लोक उलटं धरतात आणि सुई स्वतःच्याच बोटात जाते. आणि टोचल्यावर कुत्रा उठून बसला तरी दवाखान्यात जायचंच, कारण त्याचा असर थोड्याच वेळात उतरायला लागतो आणि रिअ‍ॅक्शन आत चालूच असते.

श्वास थांबला तर

हाक मारून, हलवून काहीच प्रतिसाद नाही, छाती हलत नाहीये, तर दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त तपासत बसू नका, सीपीआर (छाती दाबून आणि श्वास देऊन रक्ताभिसरण चालू ठेवणं) सुरू करा. कुशीवर झोपवा, मोठ्या कुत्र्याच्या छातीच्या सगळ्यात रुंद भागावर हातावर हात ठेवून, कोपर सरळ ठेवून दाबा, ग्रेहाउंडसारखी खोल अरुंद छाती असेल तर कोपराच्या मागे हृदयावर. अगदी लहान कुत्रा असेल तर एका हाताने छाती दोन्ही बाजूंनी धरून दाबता येते. छातीच्या रुंदीच्या एक तृतीयांश ते निम्मं खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. ३० वेळा दाबलं की तोंड हाताने बंद करून नाकातून दोन श्वास, छाती उचललेली दिसेल इतकेच. एकाने हे करायचं आणि दुसऱ्याने गाडी चालवायची.

दवाखान्यात आणि नंतर

तिथे अ‍ॅड्रेनलिन, ऑक्सिजन आणि भरपूर सलाइन सुरू होतं, बीपी बघतात. बरेच डॉक्टर पोटाची सोनोग्राफी करतात, कारण अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये पित्ताशयाची भिंत सुजलेली दिसू शकते आणि लिव्हरचं एन्झाइम एएलटी वाढतं, यावरून उलटी-जुलाबाच्या बाकीच्या कारणांपासून हे वेगळं ओळखायला मदत होते. तुम्ही जी माहिती द्याल, काय चावलं, किती वाजता, पहिलं लक्षण कधी, काय औषध दिलं, ती तिथे फार उपयोगी पडते, औषधाचं रिकामं पाकीट असेल तर सोबत न्या.

डॉक्टर म्हणाले रात्रभर ठेवू तर हट्ट करून घरी आणू नका. काही कुत्र्यांमध्ये सगळं शांत झाल्यावर काही तासांनी दुसरी लाट येते, नवीन डंख नसताना. घरी आणल्यावरही दोन-तीन दिवस त्याला एकटं सोडू नका, हिरड्या दिवसातून तीन-चार वेळा बघा, उलटी, काळी किंवा रक्ताची शी, पोट फुगणं, मलूलपणा यातलं काही दिसलं तर परत न्या.

पुढच्या लसीच्या वेळी मागच्या रिअ‍ॅक्शनची आठवण तुम्ही स्वतः करून द्यायची, फाईलमध्ये असेल यावर विसंबायचं नाही, विशेषतः क्लिनिक बदललं असेल तर. लसी वेगवेगळ्या दिवशी विभागून देणं, आधी अँटिहिस्टामिन देणं, टोचल्यावर जास्त वेळ थांबवून घेणं असे मार्ग असतात. औषधाची अ‍ॅलर्जी असेल तर त्या औषधाचं नाव पट्ट्याच्या टॅगवर लिहा, कारण कुत्रा हरवला किंवा दुसऱ्या कोणाकडे ठेवला तर तिथल्यांना कळायला दुसरा मार्ग नाही. डंखाची जोरदार अ‍ॅलर्जी असलेल्या कुत्र्यांसाठी विषाचे अगदी बारीक डोस वाढवत नेऊन सवय लावायची इम्युनोथेरपी असते, ती फक्त त्वचा-अ‍ॅलर्जीच्या स्पेशालिस्टकडेच करायची.

पेन घरी असेल तर ते नेहमीच्या तापमानाला, उजेडापासून लांब ठेवायचं, उन्हात उभ्या गाडीत नाही आणि फ्रीझरमध्येही नाही. आतलं औषध काचेतून दिसतं, ते पाण्यासारखं स्वच्छ हवं, तपकिरी छटा आली किंवा कण दिसले की बदलायचं. एक्सपायरीची तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये महिनाभर आधीच्या रिमाइंडरसकट टाका, आणि कुत्र्याला फिरायला नेणाऱ्या घरातल्या प्रत्येकाला पेन कुठे आहे आणि कसं वापरायचं ते माहीत हवं.